डाऊनहिलचा उतार टीव्हीवर सपाट का दिसतो?

कातळटप्पा
बर्फावरच्या स्कीच्या शर्यती नेमानं बघणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या प्रक्षेपणातलं कळणाऱ्यांसाठी हा धागा. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलच्या श्ट्राइफ या डाऊनहिलच्या (भरवेगात खाली सुटायच्या शर्यतीच्या) उतारावर माउझेफाले नावाचा टप्पा आहे. उतार ८५ टक्के, म्हणजे जवळपास ४० अंश. आपल्याकडे असला घसारा आला की माणसं बसून, हात टेकत उतरतात. टीव्हीवर मात्र तो क्रिकेटच्या मैदानाइतका सपाट दिसतो, आणि त्यावरून ताशी शंभरच्या पुढे सुटलेला माणूस निवांत चाललाय असं वाटतं. असं का होतं, आणि दाखवणारे त्यावर काय करतात?

दुसरं, कोपऱ्यातलं पळतं घड्याळ. ते थांबतं तेव्हा कधीकधी स्पर्धक रेषेच्या अलीकडेच असतो, आणि थांबल्यावरही आकडा जरासा बदलतो. तिसरं, कुठल्याही देशाचं चॅनेल लावा, चित्र हुबेहूब तेच, ते कसं? चौथं, स्कीच्या कडेनं बर्फ कापल्याचा कर्रर्र आवाज इतका जवळून येतो, तो खरा की वरून चिकटवलेला? आणि शेवटचं: गुलमर्गसारख्या ठिकाणी चारच कॅमेऱ्यांत जायंट स्लॅलम (रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांतून वळत उतरायची शर्यत) दाखवायची झाली तर कॅमेरे कुठे लावाल? उत्तरं कामाची हवीत, कौतुकाची नकोत.

लांबभिंग
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच घसाऱ्याचं नाव काढून अर्धं दिलंय. समोरून, खालून वर बघत घसाऱ्याचा फोटो काढा. घरी आल्यावर कुणाला पटतं का तो किती तीव्र होता ते? तोच फोटो आडवं उभं राहून, चौकटीत एखादं झाड घेऊन काढला की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. टीव्हीचंही तेच, फक्त तिथं भिंग फार लांबचं असल्यामुळे फसवणूक जास्त मोठी होते.

शेवटच्या रेषेजवळच्या मचाणावर ८०-१०० पट झूमचं पेटीएवढं लेन्स लावलेला कॅमेरा असतो. तो वरचा टप्पा दीड किलोमीटरवरून ओढून आणतो. इतक्या लांबून बघितलं की पुढची आणि मागची वस्तू एकमेकींना चिकटतात. प्रत्यक्षात पंचवीस-तीस मीटरवर असलेली दोन फाटकं हातभर अंतरावर दिसतात. त्यात पूर्ण चौकट बर्फानं भरलेली, क्षितिज नाही, की उभी रेघ नाही. डोळ्याला मोजायला काहीच नसलं की तो समोरच्या पांढऱ्याला जमीन समजतो.

म्हणून चांगला डायरेक्टर दर उतारावर किमान दोन-तीन कॅमेरे उताराला काटकोनात, बाजूच्या कड्यावर बसवतो. त्या चौकटीत उभं काहीतरी लागतंच: देवदाराचं खोड, जाळीचा खांब, निदान फाटकाची काठी. इथं सगळ्यात जास्त चुका होतात त्या ट्रायपॉडच्या पाणसळीत. बर्फावर उभं राहून कॅमेरा लावताना माणूस नकळत उताराशी जुळवून घेतो आणि हेड (ट्रायपॉडवरचा कॅमेरा फिरवायचा भाग) चार-पाच अंश कलतं. चौकट कलली तेवढाच उतार कमी झाला. ४० चा ३५ झाला की बघणाऱ्याला कळत नाही काय गेलं, पण गेलेलं असतं. बुडबुडा बघा, मग लांबचं झाड बघून पुन्हा खात्री करा.

वेगाचं गणित वेगळं. लांब भिंगानं स्पर्धकाच्या बरोबर कॅमेरा फिरवला की तो चौकटीत मधोमध स्थिर राहतो. मागे पांढरं. हलतंय काय मग? काहीच नाही. म्हणून मध्ये-मध्ये वाटेच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, रुंद भिंगाचा कॅमेरा ठेवतात. तो स्पर्धकाला जेमतेम अर्धा सेकंद बघतो, पण त्या अर्ध्या सेकंदात आपण दचकतो. जाळीच्या खांबांमधून घेतलेलं चित्रही चालतं, कारण खांब सपासप मागे जातात. बर्फावर मारलेल्या निळ्या रेघा मुळात ढगाळ उजेडात स्पर्धकाला चढउतार कळावेत म्हणून असतात, पण त्यांचा फायदा कॅमेऱ्यालाही होतो.

स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची लाउबरहॉर्न शर्यत उदाहरणाला घ्या. जवळपास साडेचार किलोमीटर, वर्ल्ड कपमधली सगळ्यात लांब डाऊनहिल. उतरायला अडीच मिनिटं, म्हणजे १५० सेकंद. सरासरी सहा-सात सेकंदाला एक कट धरला तर बावीस ते पंचवीस चित्रं लागतात. हे कट ठरलेले असतात. हुंडशॉप्फच्या कड्यावरून उडी मारताना खालचा कॅमेरा, म्हणजे प्रत्येकासाठी खालचाच. नवशिक्या डायरेक्टरला वाटतं की तीसही स्पर्धकांना तेच कट मारले तर कंटाळवाणं होईल. उलट आहे. चित्र तेच राहिलं तरच याची वाट त्याच्यापेक्षा मीटरभर बाहेरून गेली हे बघणाऱ्याला दिसतं. याच शर्यतीतल्या हानेगशुस या वेगाच्या टप्प्यावर फ्रान्सच्या योहान क्लारेनं २०१३ साली ताशी १६१.९ किलोमीटरचा वेग गाठला होता. तिथं तर कॅमेरामनला स्पर्धक कुठून येणार हे पाठ नसेल तर चौकटीत नुसता बर्फाचा धुरळा उरतो.

कट फक्त पडझड झाल्यावर मोडतात. तेव्हा लगेच रुंद चित्रावर जायचं, आणि पडलेला माणूस हलल्याचं दिसेपर्यंत रिप्ले लावायचा नाही, हा शिरस्ता आहे.

मिलिसेकंद
घड्याळाबद्दल. पडद्यावरचं घड्याळ आणि पडद्यावरचं चित्र वेगवेगळ्या वाटांनी येतात, हे आधी लक्षात घ्या.

सुरुवातीच्या झोपडीत स्पर्धकाच्या नडगीसमोर एक कांडी असते. ती ढकलली गेली की पहिला ठोका. शेवटच्या रेषेवर प्रकाशकिरण असतो, तो तुटला की दुसरा. हे ठोके तारेनं थेट वेळमापनाच्या संगणकात जातात. एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन यंत्रणा समांतर चालतात, शिवाय हातानं वेळ घेणारी माणसंही असतात. तिथून आकडा ग्राफिक्सच्या मशीनला मिळतो आणि चित्रावर चढतो. या सगळ्याला वेळ नगण्य.

चित्राचं तसं नाही. कॅमेरा बिनतारी असेल तर दाबून पाठवणं, पकडणं, उलगडणं आलं. प्रत्येक टप्प्यात एक-दोन फ्रेम जातात. युरोपात सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे एक फ्रेम २० मिलिसेकंद. पाच फ्रेम उशीर झाला तर सेकंदाचा दहावा भाग. ताशी १३० नं येणारा माणूस तेवढ्यात ३.६ मीटर पुढे जातो. म्हणून घड्याळ थांबलेलं आणि माणूस अजून रेषेच्या अलीकडे. उपाय दोन: शेवटच्या रेषेचा कॅमेरा तारेचाच ठेवायचा, आणि सगळ्यात उशिरा येणाऱ्या कॅमेऱ्याइतका उशीर बाकीच्या कॅमेऱ्यांना, आवाजाला आणि ग्राफिक्सला मुद्दाम द्यायचा. तपासायची पद्धत अगदी गावठी आहे: रेषेवर कुणाला तरी हात आडवा मारायला सांगायचं आणि रेकॉर्डिंग फ्रेमफ्रेमनं पुढे नेऊन घड्याळ कुठल्या फ्रेमला थांबलं ते मोजायचं. हे सकाळी एकदा करून भागत नाही. दुपारी कुणी बिनतारी लिंक बदलली की पुन्हा करावं लागतं.

आकडा बदलतो त्याचं कारण साधं आहे. पळतं घड्याळ नुसतं दाखवायचं असतं, अधिकृत वेळ संगणक दोन ठोक्यांच्या वजाबाकीतून काढतो. अल्पाइन स्कीइंगमध्ये ती शंभराव्या भागापर्यंत ठेवतात आणि पुढचे आकडे कापून टाकतात, पूर्णांकित करत नाहीत. १:४२.५७८ चं १:४२.५७ होतं. सोचीच्या २०१४ च्या ऑलिम्पिकला महिलांच्या डाऊनहिलमध्ये टीना माझे आणि डोमिनिक गिझिन दोघींची वेळ १:४१.५७ आली आणि दोघींना सुवर्ण मिळालं. ल्यूजमध्ये (पाठीवर झोपून घसरगाडीची शर्यत) हजारावा भाग मोजतात. नागानोला १९९८ साली महिलांचं सुवर्ण ०.००२ सेकंदानं ठरलं होतं. दोन माणसांच्या बॉबस्लेमध्ये (बसून जायच्या घसरगाडीत) मात्र शंभरावाच भाग, म्हणून २०१८ च्या ऑलिम्पिकला कॅनडा आणि जर्मनी सुवर्णपदकाला बरोबरीत राहिले. ग्राफिक्सवाल्यानं खेळ बदलताना दशांशाचे आकडे बदलले नाहीत की निवेदक तोंडावर आपटतो.

जाता जाता स्की जंपिंगची हिरवी रेष, म्हणजे पहिला नंबर घ्यायला कुठवर उडी हवी ते दाखवणारी. ती प्रत्येक स्पर्धकाला वेगळी असते, कारण वाऱ्याचे आणि सुरुवातीची पायरी वरखाली केल्याचे गुण त्यात धरलेले असतात. शैलीचे गुण मात्र उडी संपल्यावरच येतात. म्हणून रेष ओलांडली तरी पहिला नंबर नक्की नाही. ही रेष बर्फावर चिकटून राहायला कॅमेऱ्याच्या हेडवर फिरण्याचं, कलण्याचं आणि झूमचं मोजमाप देणारे एन्कोडर लागतात. ट्रायपॉडचा एक पाय ऊन लागून बर्फात बोटभर खचला की रेष मीटरभर सरकते. म्हणून अशा कॅमेऱ्याला मचाणच हवं, बर्फ नको.

सीसीयू_तीन
चित्राच्या उजेडाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून ही भर.

बर्फावर ऑटो आयरिस (भिंगाचं तोंड आपोआप लहानमोठं होणं) हा गुन्हा आहे. यंत्र पांढरं बघून घाबरतं, भिंग मिटतं आणि बर्फ राखाडी, माणूस काळा. आयरिस कायम ओबी व्हॅनमधून (प्रक्षेपणाच्या गाडीतून) हातानं. वेव्हफॉर्मवर (चित्रातल्या उजेडाच्या आलेखावर) उन्हातला बर्फ ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. ९० च्या पुढे गेला की स्कीच्या खुणा, खड्डे, धार, सगळं पुसलं जातं, आणि लांबभिंग यांनी म्हटलेला उतार आणखी सपाट होतो.

खरी परीक्षा सावलीत. जानेवारीत सूर्य खाली असतो, अर्धा उतार झाडांच्या किंवा डोंगराच्या सावलीत. स्पर्धक उन्हातून सावलीत शिरतो तेव्हा आयरिस दोन-तीन स्टॉप (उजेडाच्या पायऱ्या) उघडावं लागतं, तेही तो शिरायच्या क्षणी. आधी उघडलं तर मागचा बर्फ फटफटीत, नंतर उघडलं तर माणूस अंधारात गायब. त्यामुळे आयरिसवर बसलेल्याला कोणत्या फाटकाला बोट हलवायचं ते पाठ असावं लागतं, आणि दर अर्ध्या तासानं सावलीची रेघ सरकते म्हणून ते फाटकही बदलतं. सावलीतला बर्फ निळा पडतो. प्रत्येक कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला म्हणायचं ते) वेगवेगळा करून तो पांढरा करायचा मोह टाळा, कारण कटावर रंग उड्या मारतात. एकच मधला आकडा धरा, सावली थोडी निळी राहू द्या. थंडी दिसली पाहिजे की! ऊन-सावली दोन्हींतला तपशील जास्त धरणाऱ्या एचडीआर चित्रात हे पुष्कळ सोपं होतं. बीजिंग २०२२ हे पूर्णपणे यूएचडी एचडीआरमध्ये तयार झालेलं पहिलं हिवाळी ऑलिम्पिक. पण घरोघर अजून साधं चित्रच जास्त बघतात, त्यामुळे त्याच चित्राचं साधं रूप कसं पडतंय यासाठी एक वेगळा मॉनिटर समोर ठेवावाच लागतो.

थंडीचे चटके वेगळेच. उणे २० ला लिथियमची बॅटरी जवळपास निम्म्यावर येते. अंगरख्याच्या आत दोन, कॅमेऱ्यावर एक, आणि आलटून पालटून. हेडमधलं तेल घट्ट होतं, कॅमेरा फिरवताना आधी अडतो मग झटका देतो. ड्रॅग (हेडचा अडथळा) आधीच दोन आकडे खाली घ्या. भिंगावरचा बर्फ तोंडानं फुंकून उडवू नका, वाफ गोठून काच धुरकट होते. हवेचा छोटा हातपंप वापरा. सगळ्यात जास्त नुकसान शर्यत संपल्यावर होतं: गार कॅमेरा तसाच गरम खोलीत नेला की आतपर्यंत पाणी सुटतं. बाहेरच असताना हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, मग आत आणायचा, दोन-तीन तास उघडायचा नाही. दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही.

बूमपोल
आवाज खरा असतो, पण सगळा एकाच वेळी चालू नसतो.

उताराच्या कडेनं जाळीच्या मागे बंदुकीच्या नळीसारखे माइक लावलेले असतात, त्यावर केसाळ टोपडं. उड्यांपाशी, जोरकस वळणांपाशी, सुरुवातीच्या झोपडीत जास्त. सगळे उघडे ठेवले तर वीस माइकांचा वारा एकत्र होऊन नुसती घूंऽऽ येते. म्हणून जो कॅमेरा हवेत, त्याच्या जवळचा एक-दोन माइक उघडा, बाकीचे बंद. हे मिक्सरला कॅमेऱ्याच्या कटाशी बांधून आपोआप करता येतं, पण झटकन उघड-मीट झाली की कानाला खटकतं. वर जायला एखाद-दुसरी फ्रेम, खाली यायला अर्धा सेकंद, असं ठेवलं की वळण सुटल्यासारखं वाटत नाही.

माइक लांब असला तर आवाज उशिरा येतो. शून्य अंशाला आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो. शंभर मीटरवरचा माइक म्हणजे ०.३ सेकंदाचा फरक: माणूस वळून गेला आणि मग कर्रर्र. म्हणून लांब भिंगाच्या चित्राला लांबचा माइक कधीच चालत नाही, माइक वळणापाशीच पुरावा लागतो. टोपड्यावर बर्फ बसून गोठलं की वरचे स्वर मरतात आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. टोपडी जास्तीची न्या, मध्यंतरात बदला, ओलं टोपडं झटकून परत चढवू नका.

चिकटवलेलं म्हणाल तर संथ रिप्लेला. चौपट-सहापट संथ केलेल्या चित्राला स्वतःचा वापरण्याजोगा आवाज उरत नाही. तिथं आधी टिपलेला आवाज किंवा नुसता गर्दीचा सूर ठेवतात. कर्लिंगला (बर्फावर दगड सरकवायच्या खेळाला) सगळंच वेगळं: खेळाडूंच्या अंगावर बिनतारी माइक, त्यामुळे डावपेचांची चर्चा जशीच्या तशी ऐकू येते. जवळपास वीस किलोचा तो दगड बर्फावरून सरकतो त्याची घरघर मात्र बर्फाला किंवा कडेच्या फळीला चिकटवलेल्या माइकातून घेतात.

फाटा_फीड
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चित्र एकच टोळी काढते आणि सगळे तेच घेतात. वर्ल्ड कपला यजमान देशाचं चॅनेल. किट्झब्यूलला ऑस्ट्रियाचं ओआरएफ, वेंगेनला स्वित्झर्लंडचं एसआरजी. ऑलिम्पिकला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २००१ मध्ये उभी केलेली ओबीएस ही संस्था. या मूळ चित्राला आंतरराष्ट्रीय सिग्नल म्हणतात. त्यात ग्राफिक्स असतात, मैदानाचा आवाज असतो, निवेदन नसतं. कुणा एका देशाची बाजू घ्यायची नाही, हा नियम. म्हणजे यजमान देशाचा खेळाडू विसावा असला तरी त्याच्या आईवर कॅमेरा रेंगाळत नाही.

ज्या चॅनेलकडे पैसे असतात ते स्वतःचे दोन-चार कॅमेरे शेवटच्या रेषेपाशी आणि मुलाखतीच्या पट्ट्यात लावतात आणि मूळ चित्रात आपले तुकडे घालतात. बाकीचे आपल्या देशातल्या स्टुडिओत पडद्यासमोर बसून बोलतात. निवेदकासमोर दुसरा पडदा असतो, त्यावर मधल्या वेळा आणि क्रमवारी थेट येत असतात. तो नसेल तर निवेदक फक्त चित्रातलं वाचून दाखवतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. ओआरएफवर माजी शर्यतपटू हान्स क्नाउस स्पर्धेआधी स्वतः कॅमेरा घेऊन उतार उतरून दाखवतो. उताराचा अंदाज त्या दोन मिनिटांत जेवढा येतो तेवढा मूळ प्रक्षेपणात येत नाही, आणि ते तुकडे मूळ सिग्नलमध्ये नसल्यामुळे आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

आपल्याकडे येताना आणखी एक घोळ होतो: जाहिराती. मूळ सिग्नलमध्ये मोकळ्या जागा ठरावीक असतात, ठराविक स्पर्धकांनंतर किंवा उताराची डागडुजी चालू असताना. त्याचं वेळापत्रक आधी मिळतं, पण धुकं आलं की ते कोलमडतं. इकडे प्लेआउटवर (आपल्या चॅनेलचं प्रसारण जिथून सुटतं तिथं) घड्याळ बघून जाहिरात सुटते आणि नेमका पहिल्या क्रमांकाचा माणूस अर्ध्यावर कापला जातो. यावर उपाय एकच. प्लेआउटवर खेळ कळणारा माणूस बसवायचा आणि जाहिरात त्याच्या बोटावर ठेवायची. स्लॅलम आणि जायंट स्लॅलमच्या दुसऱ्या फेरीत तर पहिले तीस उलट क्रमानं उतरतात, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे स्पर्धक शेवटी. तिथं शेवटच्या दहांत जाहिरात म्हणजे शर्यत दाखवलीच नाही म्हणा ना.

भारतात हिवाळी खेळांचं प्रक्षेपण कधी खेळाबाहेरच्या कारणांनीही अडतं. बीजिंगच्या वेळी गलवानमध्ये लढलेल्या चिनी अधिकाऱ्याच्या हाती मशाल दिल्यावर दूरदर्शननं उद्घाटन आणि समारोप थेट न दाखवण्याचा निर्णय घेतला. त्या वर्षी आरिफ खान हा भारताचा एकटाच स्पर्धक होता, स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये. आपला माणूस पहिल्या तिसांत नसला की आंतरराष्ट्रीय सिग्नलवर तो किती वेळ दिसेल हे यजमानाच्या हातात. पुढचे स्पर्धक उतरत असताना तिथं रिप्ले आणि मुलाखती चालू असतात. आपला कॅमेरा नसेल तर आपला स्पर्धकही नाही, असा हिशेब आहे.

कातळटप्पा
सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. पण सपाट दिसण्यावर आता ड्रोन आहेच की. २०२६ च्या मिलानो-कोर्तिना ऑलिम्पिकमध्ये स्पर्धकाच्या पाठीमागून उडणाऱ्या ड्रोननं उतार अगदी अंगावर आला. मग काटकोनातले कॅमेरे वगैरे आता जुनं झालं असं का म्हणू नये?

लांबभिंग
नाही म्हणता येणार. ड्रोन उताराच्या पाठीला समांतर उडतो, म्हणून पोटात गोळा येतो हे खरं. पण मागून बघितल्यावर वाट कळत नाही. स्पर्धक फाटकाच्या किती जवळून गेला, बाहेरच्या स्कीवर वजन किती, हे पुढून आणि बाजूनंच दिसतं. दहा सेकंद ड्रोन, मग कॅमेरा. पूर्ण शर्यत ड्रोनवर दाखवली तर दोघांतला फरक कुणालाही सांगता येणार नाही.

पाठीमागे पळणारा तो छोटा ड्रोन एका बॅटरीवर जेमतेम काही मिनिटं टिकतो, थंडीत आणखी कमी. म्हणजे दर एक-दोन स्पर्धकांना बॅटरी बदल. वैमानिक ड्रोनचं चित्र दाखवणाऱ्या चष्म्यातून बघत असतो, त्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी बघणारा दुसरा माणूस लागतो. आणि आवाज: त्याची भुणभुण जवळच्या माइकात शिरते.

धोका तर पूर्वीच दिसलाय. २२ डिसेंबर २०१५ ला इटलीतल्या मादोन्ना दि काम्पिल्योच्या स्लॅलममध्ये ऑस्ट्रियाच्या मार्सेल हिर्शरच्या पाठीमागे हातभर अंतरावर ड्रोन कोसळला. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं त्यानंतर ड्रोनवर बंदी घातली, पुढे अटी घालून परत आणले. तारेवरचा कॅमेरा जास्त सुरक्षित असं वाटेल, तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सेंट मॉरिट्झच्या जागतिक स्पर्धेत दोन फेऱ्यांच्या मध्ये कसरती करणाऱ्या स्विस हवाई दलाच्या विमानानं त्याची तार तोडली आणि कॅमेरा शेवटच्या रेषेपाशी पडला. सुदैवानं कुणाला लागलं नाही. वर टांगलेल्या कुठल्याही वस्तूच्या खालून शर्यत जाऊ द्यायची नाही, ती कायम बाजूनं टांगायची.

मिलिसेकंद
बायथलॉनचा (स्कीवरून पळणं आणि नेमबाजी) उल्लेख राहिला म्हणून दोनच ओळी. ५० मीटरवरचं निशाण झोपून मारताना ४५ मिलिमीटरचं, उभ्यानं ११५ मिलिमीटरचं. कॅमेऱ्यातून ते दिसणं अवघड, म्हणून पडद्यावर पाच गोळे काढतात आणि निशाण पडल्याचा सिग्नल थेट त्या गोळ्याला जोडतात. इथंही ग्राफिक्स आधी आणि चित्र नंतर आलं की नेमबाजानं चाप ओढायच्या आधी गोळा पांढरा! तोच उशिराचा रोग.

फाटा_फीड
आता गुलमर्गचे चार कॅमेरे. जायंट स्लॅलमला एका माणसाला मिनिटभर लागतो असं धरून चालू.

एक नंबर: शेवटच्या रेषेच्या समोर, थोडा बाजूला, तीन मीटर उंच मचाणावर. तुमच्याकडचं सगळ्यात लांब भिंग याला द्या. खालचा निम्मा उतार आणि शेवटची रेष याच्याकडे.
दोन नंबर: मधल्या टप्प्याला काटकोनात, समोरच्या धारेवर. लांबभिंग यांनी सांगितलेली सगळी पथ्यं याला.
तीन नंबर: सुरुवातीच्या झोपडीपाशी, आधी चेहरा, मग वळून वरची सात-आठ फाटकं.
चार नंबर: सगळ्यात तीव्र वळणाच्या बाहेर, जाळीमागे, खाली बसवलेला. सेकंदाला १०० ते १५० चित्रं घेणारा. हा थेट चित्रात एका झटक्यापुरता, एरवी रिप्लेसाठीच.

जागा ठरवायच्या त्या फाटकं रोवल्यानंतर, आधी नाही. आदल्या दिवशीच्या फाटकांवर भरवसा ठेवून मचाण बांधलं की सकाळी वाट वीस मीटर डावीकडे सरकलेली असते. फाटकं रोवणाऱ्याबरोबर वरून खाली उतरा आणि कागदावर लिहा: फाटक १ ते ८ तीन नंबर, ८ ते २२ दोन नंबर, पुढे एक नंबर. बदलाच्या जागी दोन्ही कॅमेऱ्यांना दोन-दोन फाटकं सामाईक दिसली पाहिजेत, नाहीतर कट मारताना स्पर्धक चौकटीत नसतो. चौघेही वाटेच्या एकाच बाजूला असावेत. पलीकडे गेलात की स्पर्धक एका चित्रात डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे पळतो. रंगीत तालीम फुकट मिळते: शर्यतीआधी तीन-चार जण वाट मोकळी करायला उतरतात, त्यांच्यावर पूर्ण कट मारून बघा.

तारा: वरच्या कॅमेऱ्याला फायबर. बर्फावर टाकू नका, रात्री बर्फ सपाट करणारं यंत्र फिरतं आणि सकाळी तुकडे मिळतात. जाळीच्या बाहेरच्या अंगानं, कमरेच्या उंचीवर बांधत न्या, दर खांबाला थोडी ढिलाई ठेवून. जोडाची टोपणं काढली की लगेच जोडा. आत गेलेला बर्फाचा कण वितळला की सिग्नल येतो-जातो आणि दोष कॅमेऱ्याचा वाटतो. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना चिठ्ठी.

वीज: गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, वर कोंगडूरी त्याहून उंच. विरळ हवेत जनरेटर दर ३०० मीटरला तीन-साडेतीन टक्के ताकद गमावतो, म्हणजे तिथं पंचवीस ते तीसएक टक्के कमी धरा. १० केव्हीएची गरज असेल तर १५ चा न्या. डिझेल थंडीत घट्ट होऊन फिल्टर बंद करतं, हिवाळी डिझेल तिथूनच भरा. यूपीएस ओबीत, दुसरा वरच्या कॅमेऱ्यापाशी.

ड्रोनवर आराखडा उभा करू नका. नियंत्रण रेषा जवळ आहे, परवानगी आयत्या वेळी नाही आली तर हातात काही उरत नाही. सिग्नल पाठवायला मोबाइलच्या चार-पाच सिम जोडणारा डबा चालतो, पण सगळी सिम एकाच कंपनीची नकोत, आणि पोस्टपेडच न्या. गर्दी वाढली की वेग पडतो, म्हणून शर्यतीच्या वेळेला, गर्दीत, तिथूनच तपासा.

घड्याळासाठी वेळमापनवाल्यांकडून आकड्यांची तार मागा. नाहीच मिळाली तर त्यांच्या फलकासमोर एक छोटा कॅमेरा बांधा आणि तो चौकोन कापून कोपऱ्यात लावा. दिसायला ओबडधोबड, पण चुकत नाही. मिलिसेकंद यांची हात आडवा मारायची चाचणी इथंही करा.

शेवटचा स्पर्धक उतरला की आधी तारा गोळा करायच्या, मग चहा. अंधार पडला की बर्फाचं यंत्र निघतं, आणि त्याचा चालक तुमच्या तारा बघायला थांबत नाही.